सात हजार डॉलरची दंतकथा

कमी पैशात काढलेल्या गुन्हेपटाचं कौतुक सुरू झालं की आधी आकडा येतो. रॉबर्ट रॉड्रिग्जचा ‘एल मारियाची’ (१९९२) म्हणे ७,००० डॉलरमध्ये झाला. आकडा खोटा नाही, अर्धा आहे. तेवढ्यात चित्रीकरण उरकलं. पुढे कोलंबिया पिक्चर्स या स्टुडिओने चित्रपट विकत घेतला आणि आवाजाचं काम नव्याने करून, १६ मिमीवरून ३५ मिमीच्या प्रिंट काढून थिएटरात लावण्यावर त्याच्या कितीतरी पट पैसे घातले. हा भाग कुणी सांगत नाही. दंतकथा मात्र फिल्म शिकणाऱ्या प्रत्येक पोराला तोंडपाठ.

पैसा नाही म्हणजे नक्की काय नाही, हे लिहितानाच ठरवावं लागतं. शूटिंगच्या दिवशी ते झाकायला गेलं की पडद्यावर उघडं पडतंच.

क्रिस्तोफर नोलनचा ‘फॉलोइंग’ (१९९८) मला या बाबतीत सगळ्यांत हुशार वाटतो. खर्च सुमारे ३,००० पौंड. नट, तंत्रज्ञ सगळे नोकरदार, त्यामुळे शूटिंग शनिवारी, असं जवळजवळ वर्षभर. कॅमेरा बहुतेक हातात, आणि तो चालवणारा नोलन स्वतः. नायक झालेला जेरेमी थिओबाल्ड निर्मात्यांपैकी एक, पोलिसाच्या भूमिकेत नोलनचे काका. १६ मिमीचं ४०० फुटी रीळ अकराएक मिनिटांत संपतं. मग नाटकासारख्या तालमी करायच्या आणि एका-दोन टेकमध्ये प्रसंग उरकायचा. दिवे लावायला पैसे नाहीत, म्हणून खिडकीचा उजेड आणि कृष्णधवल फिल्म. रंगीत फिल्मवर दोन शनिवारांच्या उजेडातला फरक लगेच डोळ्यांत खुपला असता.

पण खरी करामत कथेत आहे. अनोळखी लोकांच्या मागे मागे फिरणारा एक बेकार लेखक आणि त्याला घरफोडीचा नाद लावणारा सुटाबुटातला चोर. घरफोडीचीच गोष्ट असल्यावर लोकेशन म्हणजे दुसऱ्यांची घरं, आणि दुसऱ्यांची घरं म्हणजे मित्रांची, आईवडिलांची! रस्त्यावरचा पाठलाग परवानगीवाचून गर्दीत उरकता येतो, कारण पाठलाग करणारा मुळात दिसू नये असाच असतो. काळ उलटसुलट करून सांगितलाय, पण प्रेक्षक हरवत नाही: आधी वाढलेले केस, मग कापलेले केस आणि सूट, मग सुजलेला चेहरा. नायकाचं तोंड पाहून आपण कुठे आहोत ते कळतं. वेशभूषेचा खर्च म्हणाल तर एक सूट.

रॉड्रिग्जची गंमत वेगळी. त्याच्याकडे कॅमेऱ्याबरोबर आवाज पकडायची सोय नव्हती. प्रसंग झाला की नटांकडून संवाद पुन्हा म्हणवून तो टेपवर घ्यायचा. अर्थात ओठ आणि शब्द लवकरच एकमेकांना सोडून जायचे. तसं झालं की तो चटकन दुसऱ्याच कशावर तरी कट मारायचा, बसलेल्या कुत्र्यावरसुद्धा. त्याच्या ज्या वेगवान संकलनाची लोक वाहवा करतात त्याचा उगम बराचसा या अडचणीत आहे. ट्रॉलीच्या जागी चाकाची खुर्ची होती, ते तर आता सर्वांना ठाऊक आहे.

कोएन बंधूंच्या ‘ब्लड सिंपल’ (१९८४) ला तुलनेने बरे पैसे होते, पण ते उभे करायला त्यांनी आधी नुसतं ट्रेलर बनवलं आणि प्रोजेक्टर घेऊन लोकांच्या दारी गेले. मनातल्या चित्रपटाचं ट्रेलर! जमिनीलगत सुसाट धावणारा शॉट हवा, तर फळीवर कॅमेरा ठोकला आणि दोन जण फळीची दोन टोकं धरून धावत सुटले.

आपल्याकडे गुन्ह्याच्या कथांना तोटा नाही. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आहे. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खुनांवरचा राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये व्हिडिओवर ‘रामन राघव’ केला, तो रघुवीर यादवच्या चेहऱ्यावर उभा आहे.

कथा आहेतच; आता कॅमेराही खिशात आलाय आणि कार्ड पुसून पुन्हा वापरता येतं. नेमकं तेच नडतंय असं मला वाटतं. टेक फुकट झाले, मग तालीम कशाला? संध्याकाळी वीस टेक हाती असतात, प्रसंग एकही नसतो. वर आकाशातून ड्रोनचा शॉट हवाच. शहर वरून पाहणारं कथेत कुणी नसलं तरी. आवाजाला मात्र कुणी वाली नाही. थरारपटात भीती निम्मी कानातून शिरते, आणि आपल्या होतकरू चित्रपटांत जिना चढणारी पावलं, दाराची कडी, फ्रिजची घरघर, सगळ्यावर एकच पार्श्वसंगीत थापलेलं असतं. ड्रोनचं एका दिवसाचं भाडं वाचवून एक बरा ध्वनिमुद्रक दोन दिवस सेटवर ठेवा, आणि त्याला शूटिंग संपल्यावर अर्धा तास रिकाम्या खोलीचा आवाज घेऊ द्या. तोवर युनिटने चहाला बाहेर जावं.