लक्ष्यांत घेणारे हात

आमच्या बिद्रीकडे लेकराचे जावळ काढायचे म्हणजे घरात सणच. मूल मामाच्या मांडीवर बसून भोकाड पसरते आणि भोवतालची माणसे हसतात. तशाच वस्तऱ्याने, त्याच धर्माच्या नावाने, एके काळी ब्राह्मण घरांतील विधवांचे केशवपन होई. तिथे मात्र हसण्यासारखे काही नसे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ वाचली, की हा फरक काळजाला भिडतो.

१८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून ही कादंबरी क्रमशः आली. हरिभाऊंनी यमूची कथा यमूच्याच तोंडून सांगितली. तिचे बालपण, तिचा सासुरवास, नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस. वाचता वाचता आपण तिच्या घरातलेच होऊन जातो. म्हणून पुढे तिच्यावर बळजबरी होते, तेव्हा आपण एका रूढीविषयी वाचत नसतो, आपल्या बहिणीविषयी वाचत असतो.

एकदा वर्गात मी हा भाग सांगत असता नाभिकाच्या घरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “गुरुजी, त्या न्हाव्याला काय वाटलं असेल हो?”

मी निरुत्तर झालो. या कादंबरीची मी पारायणे केली, स्वतःही कादंबऱ्या लिहितो. पण माझी नजर यमूच्या केसांवरून त्या हाताकडे कधी गेलीच नव्हती. दोष हरिभाऊंना देववत नाही. यमू सांगणार, तर न्हाव्याच्या मनात शिरायचे कसे? कादंबरीचे जे बळ, तीच तिची मर्यादा.

आणि योगायोग असा, की त्याच १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्या कष्टकऱ्यांनी ठरवले आणि हातच्या मजुरीवर पाणी सोडले. हरिभाऊ विचारत होते, लक्ष्यांत कोण घेतो. इकडे ज्यांच्या हाती वस्तरा, त्यांनीच ते घेतले होते! या सभेवरही एखादी कादंबरी व्हायला हवी.

हरिभाऊंचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करा, असा ठराव आमच्याच जिल्ह्यातील हेरवाड गावाला २०२२ साली करावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी लोखंड्यांची हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. नेहमी मागे बसणारा पोरगा तेवढा पहिल्या बाकावर येऊन बसला.