बागेतील कीड आणि ‘सायलेंट स्प्रिंग’

रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक १९६२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. कीटकनाशकांच्या बेसुमार वापराविरुद्धचे पुस्तक म्हणून त्याचे नाव बहुतेक शिक्षकांनी ऐकलेले असते. वर्गात आपण त्याचा एका वाक्यात उल्लेख करतो आणि पुढे जातो. त्यामुळे पुस्तकाचा निष्कर्ष तेवढा हाती राहतो, विचार करण्याची पद्धत मात्र निसटते. शाळेच्या बागेत कीड पडते तेव्हा उपयोगी ठरते ती ही पद्धतच.

पुस्तकातले सर्वांत बोलके उदाहरण एका शिक्षणसंस्थेच्या आवारातलेच आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या परिसरातील एल्म वृक्षांना बुरशीच्या एका रोगाचा धोका होता. सालीत राहणारे भुंगेरे हा रोग झाडाझाडांवर पसरवत. त्यांना मारण्यासाठी १९५४ पासून डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली. शरद ऋतूत पाने गळाली, ती गांडुळांनी खाल्ली आणि विष त्यांच्या शरीरात साठले. पुढच्या वसंतात परतलेल्या रॉबिन पक्ष्यांनी ती गांडुळे खाल्ली आणि पक्षी मेले. अवघी अकरा मोठी गांडुळे एका रॉबिनचा जीव घ्यायला पुरेशी ठरू शकतात, असा हिशेब कार्सन देतात. रॉबिन तेवढी गांडुळे दहा-बारा मिनिटांत फस्त करतो! पान, गांडूळ, पक्षी अशी एकेक कडी जोडत त्या ‘मग पुढे काय झाले?’ हा प्रश्न विचारत राहतात. अन्नसाखळीचा धडा यापेक्षा चांगला क्वचितच कुठे मिळेल.

कीटकनाशके कधीच वापरू नयेत, असे मात्र कार्सन म्हणत नाहीत. परिणामांची माहिती नसलेल्यांच्या हाती जहाल विषे सरसकट देऊ नयेत, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या काळी ही विषे दुकानांत रोजच्या वाणसामानाच्या शेजारी मांडलेली असत. हौशी बागवान ती सहज घरी नेई. या प्रकाराकडे कार्सन यांनी मुद्दाम लक्ष वेधले. त्यांच्या विरोधकांनी आणि काही चाहत्यांनीही हा फरक लक्षात घेतलेला नाही.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. पहिल्या प्रकरणातील गाव काल्पनिक आहे. इतक्या साऱ्या आपत्ती एकाच गावावर कोसळलेल्या नाहीत, हे लेखिका स्वतःच सांगते. तरी तो मजकूर वर्गात वाचून दाखवताना ‘ही कल्पना आहे, नोंद नव्हे’ असे आधी सांगणे आवश्यक आहे.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे. शेवटच्या प्रकरणात जैविक नियंत्रणाचा मार्ग काहीसा फारच सुकर वाटतो. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यांनी १८८८ नंतर कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागा वाचवल्या, हे खरे. पण त्याच ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी सुमारे शंभर विषारी भेक आणले गेले. भुंगेरे आटोक्यात आले नाहीत, भेक मात्र दूरवर पसरत गेले आणि त्यांना खाणारे प्राणी मरू लागले. तेव्हा ‘जैविक’ म्हणजे आपोआप ‘निर्धोक’ नव्हे.

काळजीपूर्वक केलेल्या कामाचे उदाहरण आपल्याकडचे आहे. पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण २००८ साली भारतात आढळला. तो जास्वंद आणि तुतीवरही पसरला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने २०१० मध्ये पोर्टो रिकोहून त्याच्यावर जगणारी एक चिमुकली परोपजीवी माशी आणली. ती इतर उपयुक्त कीटकांना धोकादायक नाही ना, हे तपासून मगच ती सोडण्यात आली. तिने ही कीड बऱ्याच अंशी आटोक्यात आणली.

आता शाळेची बाग पाहू. जास्वंदीच्या शेंड्यावर मावा दिसताच आपण फवारणीचा पंप शोधतो. त्याऐवजी मुलांना आठवडाभर निरीक्षण करू द्यावे. माव्याने टाकलेला गोड द्रव पिण्यासाठी मुंग्या येतात आणि माव्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. ढालकिड्याची काळसर, लांबट अळी मावा खाते, पण प्रौढ किड्याशी तिचे काहीच साम्य नसल्याने मुले तिलाच कीड समजून चिरडतात. उलट वांग्याची पाने खरवडणारा ठिपकेदार भुंगेरा ढालकिड्यांच्याच कुळातला! म्हणजे ‘उपयुक्त’ आणि ‘उपद्रवी’ ही तक्त्यातली वर्गवारी बागेत पुरत नाही. कोण काय खातो, हे प्रत्यक्षच पाहावे लागते. मावा फारच वाढला तर जोरदार पाण्याने धुवावा किंवा शेंडा खुडून टाकावा.

विष नको म्हणून निंबोळी अर्क घेतला आणि तोही न पाहता, न विचारता फवारला, तर कार्सन यांचे पुस्तक आपण वाचलेच नाही असे म्हणावे लागेल. साठ वर्षांनंतरही हे पुस्तक शिक्षकाने वाचावे ते या प्रश्न विचारण्याच्या सवयीसाठी.