कौटुंबिक छायाचित्र आणि नवशिक्यांचे छायाचित्रण-शिक्षण : एक चिकित्सा

घरातील माणसांचे छायाचित्र हा छायाचित्रणाचा सर्वाधिक प्रचलित आणि समीक्षेने सर्वाधिक उपेक्षिलेला प्रकार आहे. वृत्तछायाचित्रांवर, निसर्गचित्रांवर, प्रदर्शनांतून मांडल्या जाणाऱ्या कलात्मक छायाचित्रांवर लिहिले जाते. दिवाणखान्याच्या भिंतीवरील समूहचित्राला मात्र ‘घरगुती’ असा शिक्का मारून बाजूला ठेवण्याची रीत आहे. त्याचा थोडाफार विचार होतो तो नवशिक्यांसाठीच्या पुस्तकांत, कार्यशाळांत आणि जनसंज्ञापन विभागांच्या प्रात्यक्षिकांत. तेथेही हे छायाचित्र येते ते बहुधा दोषांचा नमुना म्हणूनच. माणसे ताठ उभी आहेत, सर्वांच्या नजरा कॅमेऱ्याकडे आहेत, कोणी हसत नाही, आजोबांच्या डोक्यामागे दिनदर्शिका आली आहे, अशी ही दोषांची यादी ठरलेली असते. प्रस्तुत लेखात या दोषकल्पनेचीच तपासणी केली आहे. शिकविले जाणारे नियम चुकीचे आहेत, असे येथे म्हणावयाचे नाही. ते नियम कोणत्या प्रश्नाची उत्तरे म्हणून शिकविले जातात, हे पाहणे अगत्याचे वाटते.

ताठरपणाची चिकित्सा

जुन्या छायाचित्रांतील माणसे गंभीर का, याचे एक तांत्रिक उत्तर नेहमी दिले जाते. काचेवरील लेप मंदगतीचा असल्याने कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे, मानेमागे लोखंडी टेकू असे आणि एवढा वेळ हास्य टिकविणे अवघड होते, हे ते उत्तर. ते खरे आहे, पण अपुरे आहे. १८८० च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा रूढ झाल्या आणि चांगल्या प्रकाशात उद्भासनाचा काळ सेकंदाच्या अंशापर्यंत खाली आला. तरीही पुढील कित्येक दशके माणसे तशीच ताठ बसत राहिली. ज्या कारणाने ती ताठ बसत होती ते कारण केवळ रासायनिक असते, तर रसायन बदलताच बसण्याची पद्धतही बदलली असती.

या संदर्भात पिएर बोर्द्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला फ्रेंच समाजातील छायाचित्रणाचा अभ्यास आजही मार्गदर्शक ठरतो. या संशोधनाला कोडाक-पाथे या कंपनीचे साहाय्य होते, ही गोष्ट गमतीची असली तरी ग्रंथातील विवेचनाचा कल त्या कंपनीला सुखावणारा खचितच नाही. छायाचित्रण हे कुटुंबाच्या ऐक्याचे चिन्ह आणि साधन अशा दोन्ही रूपांत वावरते, अपत्य असलेल्या घरांत कॅमेरा असण्याचे प्रमाण अधिक आढळते आणि लग्नासारख्या प्रसंगीचे छायाचित्र हा त्या विधीचाच भाग होऊन बसतो, असे बोर्द्यू दाखवून देतात. त्यांचे ग्रामीण शेतकऱ्यांविषयीचे निरीक्षण तर फार मोलाचे आहे. समोर तोंड करून, सरळ उभे राहून, नजर देऊन छायाचित्र काढून घेणे म्हणजे पाहणाऱ्याला मान देणे आणि त्याच्याकडून मान मागणे होय. आपण कसे दिसावे हे आपणच ठरवावे, बेसावध क्षणी कोणी टिपू नये, हा त्यामागील आग्रह असतो.

मराठी कुटुंबाच्या समूहचित्राला हे निरीक्षण सहज लागू पडते. मधल्या खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, मागे उभे कर्ते पुरुष आणि सुना, पुढे सतरंजीवर मुले, ही रचना कोणी शिकविलेली नसते. पंगतीत कोणी कोठे बसावे हे जसे ठाऊक असते तशीच तीही ठाऊक असते. या रचनेत नातेसंबंधांचा एक आलेखच उमटलेला असतो. नव्या सुनेच्या डोक्यावरील पदर, विधवा आत्याचे कडेला असणे, घरजावयाला खुर्ची मिळाली की तो उभा राहिला, या साऱ्या गोष्टी वाचता येतात. छायाचित्रकार तंत्रात अडाणी असेल, परंतु चित्र अडाणी नाही.

याचा अर्थ ही रचना निर्दोष आहे असा नव्हे. ज्या आलेखात मान दिसतो त्याच आलेखात अवमानही दिसतो. येथे बोर्द्यूंची दृष्टी काहीशी तोकडी पडते. कुटुंब स्वतःचे ऐक्य साजरे करते असे म्हणताना त्या साजरेपणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न ते पुरेसा लावून धरीत नाहीत. मेरियन हर्श यांच्या १९९७ च्या ग्रंथात तो अधिक स्पष्टपणे येतो. कुटुंब कसे असावे याची एक प्रबळ प्रतिमा आधीच अस्तित्वात असते आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी माणसे त्या प्रतिमेत स्वतःला बसवीत असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

वर्गातील नियम

भारतातील छायाचित्रण-शिक्षणाचा इतिहास अल्प नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि त्याच सुमारास, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे व्यवसायात नाव मिळविलेले हरिश्चंद्र चिंतामण हे या वर्गात शिकलेले. त्या काळी नवशिक्या म्हणजे रसायने हाताळणारा शिकाऊ. १८८८ मध्ये ईस्टमन यांनी ‘बटण तुम्ही दाबा, बाकीचे आम्ही पाहू’ अशा आशयाच्या जाहिरातीसह कोडाक कॅमेरा बाजारात आणला आणि १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला, तेव्हा नवशिक्याची व्याख्याच बदलली. रसायनांचे ज्ञान कारखान्याकडे गेले. शिकविण्याजोगे जे उरले ते म्हणजे चौकट आणि क्षण. आजचे प्राथमिक शिक्षण याच दोन गोष्टींभोवती फिरते.

यांपैकी ‘एक-तृतीयांशाचा नियम’ घ्यावा. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून महत्त्वाचा विषय रेषांच्या छेदबिंदूवर ठेवावा, असे सांगितले जाते. एकट्या माणसाच्या चित्रात याचा उपयोग होतो. बारा माणसांच्या समूहात छेदबिंदूवर कोणाला बसवावयाचे? समूहचित्राचे सौंदर्य समतोलात व ओळींच्या लयीत असते; त्याचे गोत्र निसर्गचित्रापेक्षा मंदिराच्या शिल्पपट्टाशी अधिक जुळते. ‘पार्श्वभूमी स्वच्छ ठेवा’ हा दुसरा नियम असाच अर्धा खरा आहे. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब टाळलाच पाहिजे. परंतु दिनदर्शिका, शिवणयंत्र, फळीवरची पितळी भांडी हाही ‘पसारा’ मानून वगळला, तर तीस वर्षांनी त्या चित्रात घर उरणार नाही, केवळ चेहरे उरतील. अल्बम पाहताना वृद्ध माणसांचे बोट पुष्कळदा चेहऱ्यावर न थांबता मागच्या वस्तूंकडे जाते, हे ज्याने अल्बम पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही.

तंत्राच्या ज्या बाबींत नवशिक्याला खरोखर मदत हवी असते, त्या मात्र घाईने उरकल्या जातात. प्रकाशमापनाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. पांढरे धोतर, सदरा आणि टोपी घातलेले पाच-सहा पुरुष पुढच्या ओळीत बसले की तो पांढऱ्याला राखाडी करावयास निघतो आणि त्यात सावळे चेहरे काळवंडतात. चेहऱ्यावरून मापन करणे अथवा उद्भासन एका टप्प्याने वाढविणे, इतका साधा हा उपाय आहे. तो ठाऊक नसल्याने कित्येक घरांतील चित्रांत कपडे उजळ आणि माणसे अंधारात अशी स्थिती झाली. या प्रश्नाला एक सामाजिक बाजूही आहे. १९५० च्या दशकापासून कोडाकने रंगीत छपाईच्या जुळणीसाठी जी नमुनापत्रे पुरविली, त्यांवर दीर्घकाळ गौरवर्णी स्त्रीचेच चित्र असे. चेहरा ओळखणाऱ्या आजच्या फोनमध्ये मापनाचा दोष बराच कमी झाला. परंतु त्याची जागा त्वचा उजळ व गुळगुळीत करणाऱ्या सोयीने घेतली. पूर्वी सावळा चेहरा अज्ञानाने हरवत असे, आता तो सुधारणेच्या नावाखाली हरवतो.

भिंगाच्या निवडीबाबतही असेच घडते. व्यक्तिचित्रासाठी लांब केंद्रांतराचे भिंग वापरावे, असे पुस्तके सांगतात. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत दहा माणसांसमोर छायाचित्रकाराने मागे सरकावयाचे कोठे? तो रुंद कोनाचे भिंग लावतो आणि कडेला उभी असलेली माणसे ताणून रुंद दिसू लागतात; कडेला बहुधा कोण उभे असते हे वर सांगितलेच आहे. अशा वेळी कुटुंबाला गच्चीवर किंवा अंगणात सावलीत नेणे, ओळ सरळ न ठेवता किंचित अर्धगोल करणे, दोन ओळींत अंतर असेल तर छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवणे, हे शिकविणे छेदबिंदूंपेक्षा अधिक उपयुक्त ठरेल. केंद्रीकरण पुढच्या ओळीवर आणि छिद्र मोठे, अशा स्थितीत मागची माणसे धूसर होतात. मागे उभ्या असलेल्या सुना अस्पष्ट आणि पुढे बसलेले पुरुष सुस्पष्ट, हा तंत्रदोष की समाजदोष, असा प्रश्न मग विनोदाने विचारता येतो.

कॅमेऱ्यामागील माणूस

कौटुंबिक अल्बममध्ये एक व्यक्ती सातत्याने अनुपस्थित असते आणि ती म्हणजे छायाचित्र घेणारी. या अनुपस्थितीला कलात्मक रूप कसे येऊ शकते, याचे भारतीय उदाहरण म्हणून उमरावसिंग शेरगिल (१८७०-१९५४) यांच्याकडे पाहावे लागते. संस्कृत व फारसीचे अभ्यासक असलेल्या या हौशी छायाचित्रकाराने पत्नी मारी आंत्वानेत, कन्या अमृता व इंदिरा यांची छायाचित्रे बुडापेस्ट, सिमला आणि पॅरिस येथे अनेक वर्षे काढली. त्यांतील पोशाख व अवकाश काळजीपूर्वक योजलेले आहेत. बेसावध क्षणाचा हव्यास तेथे नाही. विशेष म्हणजे त्यांनी स्वतःलाही तितक्याच चिकाटीने चित्रित केले. त्यांचे नातू विवान सुंदरम यांनी या संग्रहातील प्रतिमा संगणकाच्या साहाय्याने एकत्र करून २००१ पासून जी चित्रमालिका घडविली, तीत निरनिराळ्या काळांतील पिता व कन्या एकाच खोलीत येतात. कौटुंबिक चित्र पुढच्या पिढीने वाचावयाचे असते, या विधानाचा याहून ठोस पुरावा सापडणे कठीण.

अमेरिकन छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी पत्नी व तिच्या तीन बहिणींचे एक छायाचित्र मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्याने घेतले. चौघींचा क्रम दरवर्षी तोच. नियमाच्या दृष्टीने यात शिकण्यासारखे काहीच नाही : समोरून घेतलेले, कृष्णधवल, बहुधा उभ्या उभ्या, हसण्याची सक्ती नाही. तरीही सारी चित्रे ओळीने पाहताना कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आला, कोण किंचित दूर सरली, हे पाहणाऱ्याला जाणवत राहते. एका सुंदर चित्रापेक्षा पुनरावृत्तीने अधिक साधते, ही गोष्ट नवशिक्याला कोणी सांगत नाही. त्याची सारी धडपड एकाच ‘परिपूर्ण’ चित्रासाठी असते.

दुरुस्त केलेले कुटुंब

समूहचित्रात एकाचे तरी डोळे मिटलेले असतात, ही तक्रार सार्वत्रिक आहे. ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन व पिअर्स बार्न्स यांनी यावर गणित मांडले आणि २००६ चे गमतीदार इग नोबेल पारितोषिक मिळविले. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या प्रकाशात माणसांच्या संख्येला तीनने आणि मंद प्रकाशात दोनने भागावे. येईल तितकी छायाचित्रे घ्यावीत. बारा माणसांसाठी चार किंवा सहा. हा उपाय प्रामाणिक आहे, कारण निवडलेला क्षण घडलेला असतो. २०२३ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये निरनिराळ्या चित्रांतील चेहरे उचलून एका चित्रात बसविण्याची सोय दिली, तेव्हा हे गणितच निरर्थक झाले. प्रत्येक जण आपल्या उत्तम क्षणी. पण तो एकत्र क्षण कधी घडलाच नाही.

यावर असा आक्षेप येईल की स्टुडिओवाले हे काम पूर्वापार करीत आले आहेत. आक्षेप रास्त आहे. क्रिस्तोफर पिनी यांनी १९९७ च्या ग्रंथात मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचे जे वर्णन केले आहे, त्यात दुहेरी उद्भासने आहेत, रंगविलेले पडदे आहेत, रंगविलेल्या प्रतिमा आहेत. आपण आहोत त्याहून निराळे दिसावे, यासाठीच माणसे तेथे जात. दिवंगत वडिलांचे चित्र मुलाच्या लग्नाच्या चित्रात जोडून घेणारी घरे महाराष्ट्रातही आहेत. फरक असा की तेथे जोड सर्वांना ठाऊक असते. वडील हयात नाहीत हे ठाऊक असूनच ते बसविलेले असतात. ती जोड हेच त्या चित्राचे सांगणे असते. फोनमधील जोड स्वतःला लपविते, आणि लहान मुलाने त्या दिवशी हट्टाने फिरविलेले तोंड कायमचे पुसून टाकते.

रोलां बार्त यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात आईच्या वयाच्या पाचव्या वर्षीच्या एका छायाचित्राविषयी पानेच्या पाने लिहिली आणि ते चित्र मात्र छापले नाही. इतरांना ते एक सामान्य चित्र वाटेल, असे कारण दिले. तंत्राच्या निकषांवर त्या चित्राला वर्गात किती गुण मिळाले असते, हे सांगता येत नाही. पण मूल्यमापनाच्या पद्धतीपुढे ते एक अडचण उभी करते, आणि ती टाळून पुढे जाणे अध्यापकाला परवडणारे नाही.

यावर एक पर्याय संभवतो. प्रात्यक्षिकाचा पहिला तास कॅमेऱ्याविना घ्यावा. विद्यार्थ्यांनी घरातील एक जुने समूहचित्र आणावे आणि कोण कोठे आहे, कोण नाही, ते कोणी काढले, हे घरी विचारून लिहावे. दुसऱ्या तासापूर्वी त्यांनी त्याच कुटुंबाचे चित्र काढावे. मात्र प्रत्येकाने आपण कोठे बसणार हे स्वतः सांगावे, आणि एक चित्र घरातील सर्वांत वयस्क स्त्रीने घ्यावे. तिचा हात हलला तर हलू द्यावा. प्रकाश, भिंग, छिद्र यांचे धडे त्यानंतर, चित्रांत दिसलेल्या अडचणींवरूनच द्यावेत. तिसऱ्या तासाला निवडलेले चित्र कागदावर छापून आणावे आणि मागील बाजूस मऊ पेन्सिलीने, कागदावर दाब न देता, नावे, नाती, गाव व तारीख लिहावी. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूस उमटतात. चित्र घेणाऱ्याचे नावही तेथेच लिहावे.