दाहजन्य त्वचाविकार व आंत्रविकारांच्या निदानाचे संशोधन : एक चिकित्सक परामर्श

प्रस्तावना

रोगनिदान म्हणजे प्रयोगशाळेने दिलेला निर्विवाद निर्णय, असा समज सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. प्रत्यक्षात अनेक दाहजन्य विकारांसाठी अशी एकही निर्णायक चाचणी उपलब्ध नाही. अटोपिक इसब असो वा आतड्याचा क्रोन्स विकार असो, रुग्णाची लक्षणे, तपासणीतील खुणा, बायोप्सीचा अहवाल आणि रोगाची वाटचाल यांचा मेळ घालूनच निदान करावे लागते. हा मेळ कसा घालावा हे सांगणारे निकष चिकित्सालयीन संशोधनातून तयार होतात. प्रस्तुत लेखात या निकषांच्या विश्वासार्हतेचा परामर्श घेतला आहे. ज्या रुग्णसमूहात निकष पारखला गेला, त्या समूहाशी त्याची विश्वासार्हता बांधलेली असते. हे भान सुटले तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

त्वचाविकार : लालसरपणाचा प्रश्न

अटोपिक इसबाच्या निदानासाठी हॅनिफिन व रायका यांनी १९८० साली निकष मांडले. चार प्रमुख लक्षणांपैकी किमान तीन आणि गौण लक्षणांच्या लांबलचक यादीतून किमान तीन आढळावीत, असे त्यांचे स्वरूप होते. त्यामुळे संशोधकांना समान परिभाषा मिळाली, हे श्रेय मान्य केले पाहिजे. तथापि हे निकष प्रामुख्याने तज्ज्ञांच्या अनुभवावर आधारलेले होते आणि सर्वेक्षणासाठी ते बोजड ठरत होते. १९९४ साली ब्रिटनमधील कार्यगटाने ते संक्षिप्त केले. त्वचेला खाज असणे अनिवार्य आणि त्यासोबत पाचपैकी किमान तीन बाबी, अशी ही सुटसुटीत रचना होती. प्रत्येक बाबीची संख्याशास्त्रीय पारख करण्यात आली, ही पद्धतीच्या दृष्टीने मोठीच प्रगती होय. परंतु ही पारखही अखेर त्वचारोगतज्ज्ञांच्या निदानाशीच ताडून पाहिलेली होती. म्हणजे निकषाची कसोटी तज्ज्ञ. तज्ज्ञाची कसोटी कोणती, हा प्रश्न शिल्लक राहतो.

रोगाची तीव्रता मोजताना हा प्रश्न अधिक ठळक होतो. सोरायसिससाठी १९७८ पासून वापरात असलेला पासी निर्देशांक, इसबासाठीचे १९९३ चे स्कोरॅड व २००१ चे ईझी, या तिन्ही मापनांत त्वचेच्या लालसरपणाला गुण दिले जातात. गोऱ्या त्वचेवर लाली सहज दिसते. सावळ्या वा काळ्या त्वचेवर तोच दाह जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसू शकतो. बेन-गशीर व हे यांनी लंडनमधील मुलांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. लालसरपणाच्या गुणांवर विसंबल्यास कृष्णवर्णीय मुलांमधील तीव्र इसब झाकला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. महाराष्ट्रातील बहुसंख्य रुग्ण सावळ्या वर्णाचे आहेत, हे लक्षात घेता या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ज्या मुलाचा रोग कागदावर सौम्य ठरतो, त्याला मिळणारा उपचारही सौम्यच राहण्याचा धोका असतो.

आंत्रविकार : दोन रोग, एक चेहरा

न्यूयॉर्कमधील क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर यांनी १९३२ साली लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील दाहाचे वर्णन केले. पुढे हा विकार क्रोनच्या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या प्रदेशात क्षयरोग विरळ आहे, तेथे या वर्णनाशी जुळणारा रुग्ण आढळल्यास क्रोन्सचे निदान सहसा बरोबर ठरते. भारतात स्थिती निराळी आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि आतड्याचा क्षयरोगही बहुधा त्याच भागात होतो. पोटदुखी, वजन घटणे, ताप, आतड्यातील व्रण आणि बायोप्सीत दिसणारे ग्रॅन्युलोमा, ही सारी दोहोंत आढळतात. क्षयजंतू प्रत्यक्ष सापडला तर प्रश्न मिटतो. पण अनेक रुग्णांत तो सापडत नाही. विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिनची चाचणी आतड्यात दाह आहे एवढे सुचवते. दाहाचे कारण ती सांगत नाही.

येथे चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. क्षयरोग्याला क्रोन्सचा रुग्ण समजून स्टेरॉइड वा इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध दिल्यास क्षय बळावू शकतो. उलटपक्षी क्रोन्सच्या रुग्णाला क्षयाची औषधे देत राहिल्यास मधल्या काळात त्याचे आतडे आकसू शकते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१० साली मलातून रक्त जाणे, वजन घटणे यांसारख्या चार बाबींवर आधारित गुणांकन मांडले. आपल्याच रुग्णांतून निकष उभा करण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. तरीही अशा अभ्यासांपुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. अनेकदा क्षयाच्या औषधांना रुग्णाने दिलेला प्रतिसाद हाच अंतिम पुरावा मानावा लागतो. केवळ लक्षणे कमी होणे हा प्रतिसाद पुरेसा नाही, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही काही काळ बरे वाटू शकते. आतड्यातील व्रण भरून आले की नाही, हे पुन्हा दुर्बिणीने पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

आकड्यांचा अर्थ

निदानविषयक शोधनिबंधांत संवेदनशीलता व विशिष्टता यांचे आकडे ठळकपणे दिले जातात. ते चाचणीचे स्थिर गुणधर्म आहेत, असे वाचकाला वाटते. रॅन्सहॉफ व फाइनस्टाइन यांनी १९७८ सालीच या समजाला धक्का दिला होता. स्पष्ट रोगी आणि पूर्ण निरोगी यांच्यात तुलना केली, तर कोणतीही चाचणी प्रत्यक्षाहून सरस भासते. शिवाय ही दोन्ही प्रमाणे कायम राहिली, तरी होकारार्थी निष्कर्षाचा अर्थ बदलतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन्ही प्रमाणे ९० टक्के असलेली चाचणी १००० व्यक्तींवर केली. त्यांत ५०० रोगी असतील, तर होकारार्थी ५०० निष्कर्षांपैकी ४५० खरे निघतील. रोगी १०० च असतील, तर होकारार्थी १८० पैकी केवळ ९० खरे निघतील. चाचणी तीच, परंतु विश्वास ९० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आला.

निष्कर्ष

निदानाच्या अभ्यासात कोणते रुग्ण घेतले व कोणत्या प्रमाणाशी तुलना केली, हे स्पष्ट नोंदवावे, असा आग्रह २००३ च्या स्टार्ड मार्गदर्शिकेने धरला. २०१५ साली ती सुधारण्यात आली. मात्र नोंद चोख असणे म्हणजे निकष आपल्या रुग्णांना लागू असणे नव्हे. त्यासाठी सावळ्या त्वचेवरील दाहाची वर्णने व छायाचित्रे पाठ्यपुस्तकांत यावी लागतील. आंत्रविकारांचे गुणांकन मोठ्या संस्थांबाहेरील रुग्णालयांतही पारखावे लागेल.

हा मुद्दा केवळ वैद्यकापुरता सीमित नाही. परदेशात प्रमाणित झालेल्या मानसशास्त्रीय वा शैक्षणिक चाचण्या केवळ भाषांतर करून आपल्या विद्यार्थ्यांना देण्याची पद्धत आपल्याकडील प्रबंधांत दिसते. चाचणी ‘प्रमाणित’ आहे असे विधान वाचताच, ती कोणासाठी प्रमाणित आहे, हे मार्गदर्शकाने विचारले पाहिजे.