कोहा प्रणाली आणि कौंडण्यपुराच्या पोथ्या

ग्रंथसूचीकरितां न्यूझीलंडांत निर्माण झालेली, सन २००० पासून वापरांत असलेली ‘कोहा’ ही संगणकप्रणाली विनामूल्य असून तिची आंतररचना पालटण्याची सर्वांस मुभा आहे. (माओरी भाषेंत कोहा म्हणजे भेट.) छापील ग्रंथांस ती उत्तम, पोथ्यांविषयीं मात्र सावधपणा हवा, असा आमचा अभिप्राय आहे. रुक्मिणीचें माहेर कोणी कौंडण्यपूर, कोणी कौंडिण्यपूर, कोणी कुंडिनपूर लिहितो. हीं रूपें परस्परांशीं जोडण्याची सोय प्रणालींत आहे. न जोडल्यास शोध अपुराच राहावयाचा. नरेंद्राचें व एकनाथांचें ‘रुक्मिणीस्वयंवर’ तर नांवानेंही एकच! तेव्हां कर्ता, नकलकार, लेखनशक व पुष्पिका यांची नोंद हवीच. आणि सकळ लिपींतील महानुभाव पोथ्यांस लिपीचीही.