एक ठेका, अनेक गळे : ‘स्लेंग टेंग’

रायपूरला तेलीबांधा भागात विसर्जनाच्या मिरवणुकीत धुमाल ऐकला असेल, तर जमैकातील ‘रिडिम’ ही संकल्पना समजायला जड जाणार नाही. धुमालमध्ये ठेका चालू राहतो आणि त्यावर कॅसिओवरची गाणी बदलत जातात. रिडिम म्हणजे ड्रम आणि बास यांचा तयार साचा. डान्सहॉल संगीतात निर्माता तो एकदा तयार करतो आणि अनेक गायक त्यावर आपापली गाणी गातात. आपल्याकडे जुन्या चालीवर नवे शब्द बांधले जातात, तेव्हा चाल उसनी असते. रिडिमवर मात्र शब्द आणि चाल दोन्ही गायकाची. उसना असतो तो फक्त पाया.

‘स्लेंग टेंग’ हे याचे ठळक उदाहरण. १९८१ साली बाजारात आलेल्या कॅसिओटोन एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये ‘रॉक’ नावाचा तयार ठेका होता. तो ओकुदा हिरोको यांनी रचला होता. संगीत महाविद्यालयात त्यांनी रेगेवर प्रबंध लिहिला होता. वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही यांना हा ठेका हाती लागला, निर्माते किंग जॅमी यांनी तो संथ केला आणि १९८५ मध्ये स्मिथचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ गाजले.

मग हे गाणे बटण दाबून झाले, असे म्हणायचे का? माझ्या मते नाही. लय संथ केल्यामुळे शब्दांना जागा मिळाली. ती जागा प्रत्येकाने वेगळी वापरली. स्मिथ लहान लहान ओळी ठेक्याला धरून, हलक्या आवाजात गातो. ‘बडी बाय’मध्ये जॉनी ऑस्बोर्न मुरलेल्या गायकाच्या सहजतेने खेळतो. टेनर सॉ ‘पम्पकिन बेली’मध्ये स्वर आर्त करून लांबवतो, आणि तोच बास गंभीर वाटू लागतो. तिघांत टेनर सॉ मला सरस वाटतो, कारण तो यंत्राच्या सरळ चालीला शरण जात नाही.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. यानंतर यंत्रावरचे रिडिम झपाट्याने वाढले आणि स्टुडिओत ड्रम, बास वाजवणाऱ्यांचे काम घटले. मूल्यमापन करताना हा तोटाही हिशेबात धरावा.

स्वाध्याय : तिन्ही गाणी सलग ऐका. बास तोच आहे. गायक कुठे थांबतो आणि कुठे श्वास घेतो, ते लिहून काढा.