जात वजा ‘सैराट’

‘धडक २’ पाहिला आणि पहिल्या ‘धडक’वरचा जुना राग दुपटीनं वर आला. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या या चित्रपटाचा नायक नीलेश अहिरवार आहे. लॉ कॉलेजात त्यानं कुठं बसायचं, किती बोलायचं, कुणाकडं पाहायचं हे त्याचं आडनाव ठरवतं, आणि दिग्दर्शिका शाझिया इक्बाल त्यावरून नजर हटवत नाहीत. निर्मिती करण जोहरच्या त्याच ‘धर्मा’ची. म्हणजे हिंदीतल्या बड्या संस्थेला जात पडद्यावर आणता येते. मग २०१८मध्ये ‘धडक’साठी ‘सैराट’सारखा चित्रपट हातात असताना ती का आणली नाही?

रीमेक म्हणजे आळस, असं मी मानत नाही. गस व्हॅन सँटनं १९९८मध्ये ‘सायको’ जवळपास दृश्यागणिक पुन्हा चित्रित केला, त्यातून हिचकॉकच पुन्हा पाहावासा वाटला, एवढंच. ‘राम गोपाल वर्मा की आग’वर शाई खर्चण्यात अर्थ नाही. पण याच वाटेवर ‘पिंजरा’ उभा आहे, आणि रीमेकची माझी सगळी अपेक्षा तिथून सुरू होते.

‘द ब्लू एंजल’मधला (१९३०) प्राध्यापक गायिकेच्या नादानं विदूषक होतो, आपल्याच गावात रंगमंचावर कोंबड्यासारखा आरवतो आणि शेवटी जुन्या वर्गातल्या टेबलाला घट्ट धरून मरतो. शांतारामबापूंनी १९७२मध्ये ही गोष्ट तमाशाच्या फडात आणली, तेव्हा नुसते पोशाख बदलले नाहीत. मराठी खेड्यात गुरुजी म्हणजे पगारी नोकर नव्हे. गावानं आपली नीतिमत्ता त्यांच्या ओटीत टाकलेली असते. म्हणून इथं गुरुजींचं घसरणं गावाला दिसून चालत नाही. गुरुजी मेले असं गाव समजतं, त्यांचा पुतळा उभारतं, आणि हाती तुणतुणं घेतलेला तोच जिवंत माणूस गुरुजींच्या खुनासाठी फासावर जातो. जर्मन चित्रपटात एक माणूस संपतो. मराठीत आदर्श टिकावा म्हणून माणूस स्वतःला पुसून टाकतो. श्रीराम लागूंचा थकलेला, गप्प चेहरा पाहताना कळतं, की मूळ गोष्टीशी भांडून इथल्या समाजाची गोष्ट घडवली आहे. मूळ जितकं समर्थ, तितकं हे भांडण जोरकस हवं.

‘धडक’ भांडत नाही. तो वगळतो. करमाळ्याच्या मातीतून गोष्ट उचलून उदयपूरच्या तळ्याकाठी ठेवतो आणि वाटेत तिचं कारण सांडतो. नायक मधुकरचा बाप ‘वरच्या जातीच्या’ मुलीपासून लांब राहायला बजावतो, पण ती जात मधुकरच्या अंगावर कुठंच उमटत नाही. नायिका पार्थवीच्या घरचा विरोध हळूहळू निवडणूक लढवणाऱ्या बापाच्या इभ्रतीचा मामला होतो. या बापाच्या भूमिकेत आशुतोष राणा डोळे रोखतात आणि प्रेक्षकाला हवा असलेला खलनायक सापडतो. एक वाईट माणूस सापडला, की समाज सुटतो.

‘सैराट’मध्ये नागराज मंजुळे यांनी ही सुटका ठेवली नव्हती. वर्गात दलित साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या थोबाडीत नायिका आर्चीचा भाऊ मारतो, आणि कॉलेज त्यालाच सांभाळून घेतं. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर घेऊन थेट प्रियकर परशाच्या वस्तीत जाते. रिंकू राजगुरूच्या त्या ऐटीवर महाराष्ट्र भाळला, पण ती ऐट आली कुठून? गाव तिच्या बापाचं आहे म्हणून. तिचा मोकळेपणा तिच्या आडनावाची देणगी आहे. हैदराबादच्या झोपडपट्टीत आडनावाला कुणी विचारत नाही, तेव्हा उरते ती घाण संडासाला शिसारणारी, घरच्या आठवणीनं रडणारी पोरगी. तिथून ती पुन्हा स्वतःच्या हिमतीवर उभी राहते. ‘सैराट’चा उत्तरार्ध लांबलाय, अशी तक्रार ऐकू येते, पण चित्रपटाचा कणा तोच आहे.

आणि शेवट. ‘सैराट’मध्ये माहेरची माणसं आईनं दिलेल्या भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची त्यांच्यासाठी चहा टाकते, आणि मारले जातात दोघंही. प्रतिष्ठेच्या हिशेबात मुलगी आधीच मेलेली असते, हे त्या दोन मृतदेहांतून कळतं. ‘धडक’ पार्थवीला जिवंत ठेवतो. नवरा आणि मूल मारलं जातं. शेवट बदलून धक्का दिल्याचं कौतुक काहींनी केलं. मला तो बदल मुळावरच घाव घालणारा वाटतो. मुलगी वाचली की खुनाचा अर्थ बदलतो, तो सूड होतो. जातीचा न्याय मुलीला सोडत नाही, ही गोष्टच पुसली जाते.

‘धडक २’ निर्दोष नाही. तो ज्याचा रीमेक आहे, त्या मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’मध्ये परियनच्या मनात प्रेम उमलायला सवडच नसते, इतका तो जगण्यातच गुंतलेला असतो, हिंदीत त्याची रीतसर प्रेमकथा झाली आणि पकड सैल पडली. तरीही तो चित्रपट तिरुनेलवेलीची जखम भोपाळमध्ये शोधतो. उचललेल्या गोष्टीचं देणं फेडण्याची ती खरी सुरुवात आहे.

‘धडक’च्या बाजूनं एकच युक्तिवाद पुढं केला जातो: सोलापूरकडची जात देशभर कळली नसती, प्रेम सगळ्यांना कळतं. राजस्थानला जात समजावून सांगावी लागते, असं म्हणणाऱ्यानं राजस्थान पाहिलेला नाही. प्रेक्षकाला न कळण्याची भीती नव्हतीच. त्याला नको तेवढं कळेल, ही भीती होती. आणि या पळवाटेत आपणही सामील आहोत. ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ आपण लग्नाच्या वरातीत नेलं, ज्या वरातीच्या पत्रिकेत जात तपासूनच नाव छापलेलं असतं. मूळ गावातच गाणं ठेवून शेवट विसरला जात असेल, तर करण जोहरला एकट्याला दोष देणं सोपं आहे.

पण समीक्षेनं तरी ही सवलत देऊ नये. रीमेक तुलनेला घेताना कोण अधिक देखणं, गाणी कुणाची सरस, हे प्रश्न बाजूला ठेवा. मूळ चित्रपटानं दोषी कुणाला ठरवलं होतं आणि नव्यानं कुणाला ठरवलं, एवढं विचारा. ‘पिंजरा’नं गावाला ठरवलं, ‘सैराट’नं आपल्याला. ‘धडक’नं एका पुढाऱ्याला ठरवलं आणि आपल्याला निर्दोष सोडलं. त्याला ‘सैराट’चा रीमेक म्हणणं बंद झालं पाहिजे.